लोण्यासारखं स्टेअरिंग : एक उलटं दुखणं

"स्टेअरिंग एकदम लोणी आहे!" असं गाडीवाले कौतुकाने म्हणतात. नवी कार घेतली की शेजारचे काकाही एका बोटाने चाक फिरवून दाखवतात. पण हेच लोणी १६ टनांच्या जुन्या ट्रकच्या स्टेअरिंगला आलं तर? आपल्या सिलॅबसमध्ये स्टेअरिंगवर एक चॅप्टर आहे. अकरमनची आकृती, कॅस्टर आणि कँबरच्या व्याख्या, पॉवर स्टेअरिंगवर आठ मार्कांची टीप, संपलं. स्टेअरिंग जड झालं तर काय काय तपासावं याची यादी कुठल्याही पुस्तकात मिळते. हलकं झालं तर काय करायचं, यावर पुस्तकं जवळजवळ गप्पच. कारण हलकं असणं हा दोष आहे हेच कुणाला वाटत नाही.

आमच्या देवगडात मात्र हे दुखणं हल्ली ऐकू येतं, आणि त्याला कारण आहे. देवगडहून जामसंडे, तळेबाजार, शिरगाव करत नांदगाव तिठ्याला महामार्गाला लागेपर्यंतचा रस्ता वळणावळणाचा. या रस्त्यावर माल भरलेला ट्रक तीस-चाळीसच्या वर जातच नाही, आणि दर मिनिटाला चाक इकडून तिकडे फिरवायचं. तिथे हलकं स्टेअरिंग म्हणजे देवाची कृपा. पूर्वी नांदगावच्या पुढेही तसलाच रस्ता होता. आता सिंधुदुर्गातला महामार्ग चौपदरी झालाय. तोच जुना ट्रक, तोच ड्रायव्हर, आंब्याच्या पेट्या किंवा बर्फातली मासळी घेऊन रात्री वाशीला निघतो आणि सरळ काँक्रीटवर सत्तरने धावतो. चाळीसला जे सुख होतं ते सत्तरला त्रास होतं. गाडी सरळ धरून ठेवायला सारखं इकडे थोडं, तिकडे थोडं करावं लागतं. आंब्याच्या सीझनमध्ये एक ड्रायव्हर आठवड्याला दोन-तीन फेऱ्या मारतो. रात्री तीन वाजता, झोप डोळ्यावर आलेली असताना हे "थोडं इकडे, थोडं तिकडे" किती महाग पडू शकतं हे सांगायला नको.

जामसंड्याच्या एका गॅरेजात असाच एक दोन ॲक्सलचा जुना ट्रक आला होता. मूळची गाडी बिनापॉवरची. आधीच्या मालकाने घाटावर कुठेतरी पॉवरचं किट बसवून घेतलेलं. ड्रायव्हरची तक्रार एका वाक्यात होती : "मेस्त्रीनू, स्टेरिंग हातात हा काय नाय ताच कळना नाय." बाजूला उभ्या असलेल्या एकाने लगेच सल्ला दिला, बॉक्सचा स्क्रू अर्धा आटा आवळा, जड होईल. मेस्त्री म्हणाले, "आवळूचा नाय हां. आधी बघूया, मगे काय ता करूया." हा पूर्ण लेख म्हणजे त्या "आधी बघूया" मध्ये काय काय बघितलं आणि का, त्याचा हिशोब आहे.

आधी हे समजून घेऊ की ट्रकला पॉवर लागतेच का. आपल्याकडे दोन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन वर्षानुवर्षं १६.२ टन धरलं जायचं, पुढच्या ॲक्सलवर ६ आणि मागच्यावर १०.२. (२०१८ मध्ये ही मर्यादा १८.५ टन झाली.) म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ३ टन. गाडी उभी असताना चाक वळवायचं म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी घासत फिरवायचा. याला लागणारा टॉर्क काढायचं एक सोपं सूत्र आहे : घर्षणांक भागिले तीन, गुणिले वजनाच्या घनाला हवेच्या दाबाने भागून त्याचं वर्गमूळ. घर्षणांक ०.७ आणि हवा ७ बार धरली तर एका चाकाला साधारण १४०० न्यूटन-मीटर येतात, दोन्ही मिळून २८००. स्टेअरिंगचा रेशो २० आणि एफिशिअन्सी ७५ टक्के धरली तर ड्रायव्हरच्या हाताशी सुमारे १८८ न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या पाव मीटर. म्हणजे रिमवर ७५० न्यूटन, पंचाहत्तर-शहात्तर किलोची ओढ! आपल्या होस्टेलमधल्या बऱ्याच जणांचं वजन तेवढं नाही. म्हणून बिनापॉवरच्या ट्रकमध्ये रेशो आणखी मोठा असायचा, चाक परातीएवढं असायचं, आणि जुने ड्रायव्हर गाडी थोडी पुढे-मागे हलवल्याशिवाय चाक फिरवतच नसत.

आता धावत्या गाडीचा हिशोब करा. महामार्गावरचं हलकं वळण, बाजूचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या एक दशांश. पुढच्या ॲक्सलवर बाजूचं बल साधारण ५९०० न्यूटन. हे बल चाकाच्या वळण्याच्या अक्षाच्या थोडं मागे लागतं, त्या अंतराला ट्रेल म्हणतात. थोडा ट्रेल टायर वाकल्यामुळे मिळतो, त्याला ५ सेंटिमीटर धरू. थोडा कॅस्टरमुळे मिळतो : किंगपिन वरच्या बाजूला ३ अंश मागे झुकलेली असेल आणि चाकाची त्रिज्या अर्धा मीटर असेल तर २.६ सेंटिमीटर. एकूण ७.६. म्हणजे चाकं स्वतःहून सरळ व्हायला साधारण ४५० न्यूटन-मीटरने ओढत असतात. हातापर्यंत पोचताना रेशोने भागून ते २२-२३ होतात, रिमवर नऊ किलोच्या आसपास.

७५ आणि ९. उभ्या गाडीला मदत हवी ती पंचाहत्तर किलोतली. धावत्या गाडीतले नऊ किलो मात्र पूर्ण पुसून टाकायचे नाहीत, कारण ते रस्त्याचं बोलणं आहे. पावसात रस्त्यावर लाल चिखल आलेला असला की टायर घसरायला लागण्याच्या थोडं आधीच ट्रेल कमी होतो आणि हाताला चाक एकदम हलकं लागतं. जुना ड्रायव्हर त्या क्षणी पाय उचलतो. ज्याचं स्टेअरिंग मुळातच एक किलोत फिरतं त्याला हा निरोप मिळतच नाही.

शिवाय आणखी एक साधी गोष्ट. सैल सोडलेल्या हाताचं वजन तीन-चार किलो सहज भरतं. रिमच्या एका बाजूला असा एक हात टेकला आणि स्टेअरिंग एक किलोत फिरणारं असेल, तर तो हातच गाडी वळवणार. ड्रायव्हर जागा असेल तर त्याला कळतं. डुलकी लागली तर बिनापॉवरची जुनी गाडी निदान थोडा वेळ सरळ जाते. ही गाडी तेवढाही वेळ देत नाही.

हे भांडण पॉवर स्टेअरिंगच्या जन्मापासूनचं आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड गाड्या वळवताना माणसांचे होणारे हाल त्याने रोज पाहिले, नोकरी सोडली आणि १९२६ मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. जनरल मोटर्सने आधी रस घेतला, मग मंदीच्या काळात महाग पडतं म्हणून बाजूला ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना ते बसलं, आणि १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल कारमधून बाजारात आलं. जाहिरात अर्थातच हलकेपणाची. लगेच तक्रारीही सुरू झाल्या की रस्ता हाताला लागत नाही. म्हणजे ट्रकवाल्याचे हाल बघून सुरू झालेली गोष्ट कारवाल्याच्या चैनीत गेली आणि तिथे तिचं हे दुखणं पहिल्यांदा दिसलं. आपल्याकडे १९८१ साली स्थापन झालेली झेडएफ स्टेअरिंग गिअर (इंडिया) ही पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकची कंपनी ट्रक-बससाठी पॉवर स्टेअरिंग बनवण्यात जुनी. पण जुने ट्रक रस्त्यावर इतके होते की पुढे कितीतरी गाड्यांना किट मागाहून बसवली गेली. मागाहून बसवलेल्या किटमध्ये बॉक्स एका गाडीचा आणि पंप दुसऱ्याच गाडीचा असं लग्न लागलेलं असू शकतं. पत्रिका कोण बघतो!

नियमांचीही एक गंमत. युरोपात वापरला जाणारा आर ७९ हा स्टेअरिंगचा नियम सांगतो की जड ट्रकमध्ये सगळं ठीक असताना ठरलेल्या वळणाला ड्रायव्हरला २०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, आणि पॉवर बंद पडली तर ४५० न्यूटनपेक्षा जास्त नको. ही वरची मर्यादा आकड्यात आहे. खालची बाजू मात्र शब्दांत सांगितली आहे : सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला सारखी दुरुस्ती करावी न लागता गाडी सरळ जायला हवी. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९८ क्रमांकाचा नियम स्टेअरिंगवर आहे. तो सांगतो की चाकाचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको. अर्ध्या मीटर व्यासाच्या चाकाला ३० अंश म्हणजे रिमवर १३ सेंटिमीटर, तसा उदारच नियम. हलकेपणावर त्यातही आकडा नाही.

आता बॉक्सच्या आत काय चालतं ते बघू, कारण इलाज तिथूनच कळतो. स्टेअरिंगचा दांडा आणि बॉक्समधला स्क्रू हे थेट जोडलेले नसतात. मध्ये एक बारीक पोलादी सळई असते, टॉर्शन बार. तुम्ही चाक फिरवलं की ही सळई आधी थोडीशी पिळते. त्या पिळामुळे व्हॉल्व्हच्या फटी एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या होतात. पंपाकडून सतत येणारं तेल बारीक फटीशी अडतं, दाब चढतो, आणि तो दाब पिस्टनला ढकलतो. पिस्टन सेक्टर शाफ्ट फिरवतो आणि ड्रॉप आर्म हलतो. चाकं वळली की पीळ सुटतो आणि दाब उतरतो. म्हणजे तुमच्या हाताला जे वजन लागतं ते चाकांचं नसतं, त्या सळईच्या पिळाचं असतं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडं फसवल्यासारखं वाटलं. पण बरोबर जुळवलेल्या बॉक्समध्ये चाकांवर भार जास्त असला की पीळही जास्त लागतो, त्यामुळे रस्त्याची बातमी बारीक आवाजात का होईना, हातापर्यंत येते.

मग सळई जाड केली की काम झालं? सळईचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास फक्त दहा टक्के वाढवला तर ताठरपणा १.४६ पट होतो. कंपन्या वेगवेगळ्या गाड्यांसाठी हेच करतात. पण ही सळई व्हॉल्व्हच्या मध्यावर मशिनवर जुळवून पिनने पक्की केलेली असते. मध्य थोडा जरी चुकला तर गाडी आपोआप एका बाजूला ओढायला लागते. गॅरेजात उघडायची ही जागा नाही. बॉक्सच बदलायचा असेल तर योग्य सळई असलेला बॉक्स मागवावा, विषय संपला.

गॅरेजातल्या माणसाच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे तेल. बारीक फटीतून जाताना दाब तेलाच्या फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो, हे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलंय. मिनिटाला २० लिटर देणारा पंप काढून १६ लिटरचा बसवला तर फ्लो ०.८ पट, पण तेवढ्याच पिळाला मिळणारा दाब ०.६४ पट. म्हणजे मदत एक तृतीयांशाहून जास्त कमी. तेवढीच मदत मिळवायची तर पीळ जास्त द्यावा लागणार, म्हणजेच हाताला वजन लागणार.

इथे बरेच जण गोंधळतात. ते म्हणतात, पंपाचं प्रेशर कमी करा. पंपात रिलीफ व्हॉल्व्ह असतो, त्याच्या स्प्रिंगखालचा शिम काढला की कमाल दाब उतरतो. पण कमाल दाब लागतो फक्त उभ्या गाडीत चाक पूर्ण वळवताना. महामार्गावर दाब त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे रिलीफ उतरवून सत्तरच्या वेगातला हलकेपणा तसाच राहतो. मार्केट यार्डात गाडी लावताना मात्र घाम फुटतो. जिथे मदत हवी तिथली गेली, जिथे नको तिथली राहिली.

फ्लो कमी करायलाही सीमा आहे. समजा पिस्टनचा व्यास १० सेंटिमीटर, क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. चाकाच्या एका फेऱ्याला पिस्टन १.४ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे एका फेऱ्याला ११० घनसेंटिमीटर तेल. अचानक गुरं आडवी आली आणि ड्रायव्हरने सेकंदाला दीड फेऱ्याने चाक मारलं, तर मिनिटाला दहा लिटर लागतात. आतली गळती धरून बारा. पंप यापेक्षा कमी देत असेल तर चाक मध्येच दगडासारखं अडकतं, नेमकं जीव वाचवायच्या वेळी. म्हणून अंदाजाने फ्लो उतरवत बसू नये. बॉक्सच्या प्लेटवरच्या नंबरावरून त्याला किती फ्लो सांगितलाय ते काढावं आणि तेवढाच द्यावा.

पुली मोठी करून पंप हळू फिरवायची युक्तीही ऐकायला मिळते. पंप इंजिनवर फिरतो. आयडलला ६०० आरपीएम, धावताना २४००, म्हणजे चौपट. तेलही चौपट झालं असतं, म्हणून पंपात फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या लिटरच्या वरचं तेल तो परत फिरवतो. त्यामुळे पुली मोठी केली तरी महामार्गावर फ्लो तोच, फक्त आयडलला पंप उपाशी. पण हाच व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला आणि तेल परत फिरवेनासा झाला तर? मग वेग वाढेल तसं स्टेअरिंग हलकं होत जातं, हवं त्याच्या बरोबर उलट.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. मासळी बाजारात असतो तसला लटकवायचा स्प्रिंग काटा घ्या. गाडी सपाट जागेवर उभी, चाकं सरळ, इंजिन आयडलला. काट्याचा हुक रिमला लावून रिमच्या कडेला काटकोनात न ठेवता कडेच्या दिशेने, म्हणजे स्पर्शरेषेत ओढा आणि चाक फिरायला लागताना किती किलो दिसतात ते बघा. मग इंजिन दोन हजारावर धरून तेच. आकडा जवळजवळ सारखा आला तर व्हॉल्व्ह काम करतोय. दुसरा आकडा बराच उतरला तर पंप उघडून व्हॉल्व्ह धुवा, चरे पडलेत का बघा, तेल बदला. त्या ट्रकमध्ये दोन्ही आकडे सारखेच कमी आले. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पण पंपच मोठ्या गाडीचा. नंबर बघितल्यावर तेच निघालं.

पण मेस्त्रींनी पंपाला हात लावला तो सगळ्यात शेवटी. त्याआधी त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि माझ्या मते या विषयातलं निम्मं शिक्षण या दोन प्रश्नांत आहे. पहिला : चाक हलकं आहे की ढिलं? ढिलं म्हणजे मध्यावर चाक हलवलं तरी पुढची चाकं हलत नाहीत. हे टायरॉडचे बॉल जॉइंट, ड्रॅग लिंक, किंगपिनचे बुश यांच्या झिजेचं काम. एकाने आत बसून चाक थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली एकेका जोडाला हात लावून बघायचं. दुसरा प्रश्न : वळणातून बाहेर येताना चाक सोडलं तर ते आपण होऊन परत येतं का? हलकं आहे पण परत येतं, तर दोष मदतीचा. हलकं आहे आणि परतही येत नाही, तर कॅस्टर बघा, किंगपिन सुकलेत का बघा. ड्रायव्हर म्हणाला, "परत येना नाय. मीच हाडतंय." म्हणजे मीच परत आणतो.

आणि इथे कळलं की त्या स्क्रूवर हात का ठेवायचा नाही. बॉक्सच्या झाकणावरचा तो स्क्रू सेक्टर शाफ्टचे दात आणि पिस्टनचे दात यांच्यातली फट जुळवण्यासाठी असतो. तो आवळला की मध्यावर दात एकमेकांवर दाबून बसतात आणि चाक जड लागतं. ड्रायव्हर खूश होतो. पण हे वजन घर्षणाचं आहे. घर्षण दोन्हीकडे अडवतं, जातानाही आणि येतानाही. आधीच परत न येणारं चाक आता जिथे ठेवाल तिथेच चिकटून बसणार. प्रत्येक दुरुस्ती आधी अडकून, मग सुटून, जास्तच होणार, आणि गाडी आणखी नागमोडी जाणार. काही महिन्यांत मध्यावरचे दात झिजणार ते वेगळंच. जड आणि जिवंत यांत फरक आहे. आपल्याला स्प्रिंगसारखं परत आणणारं वजन हवं, गंजलेल्या बिजागरीचं नको.

परत आणणारं वजन कॅस्टर देतो. मग त्या गाडीचा कॅस्टर गेला कुठे? उत्तर मागच्या चाकांपाशी होतं. माल जास्त बसावा म्हणून मागे दोन-दोन पाटे वाढवलेले. त्यामुळे गाडीची मागची बाजू तीनेक इंच वर उचललेली. व्हीलबेस ४.२ मीटर, मागची बाजू साडेसात सेंटिमीटर वर. टॅन्जंट काढा, बरोबर १ अंश. पूर्ण चॅसी पुढे झुकली, तिच्यासोबत पुढचा ॲक्सलही झुकला आणि कॅस्टर एका अंशाने कमी झाला. त्यात पुढचे पाटे जुने होऊन बसलेले. मागे केलेल्या बदलाने पुढचं स्टेअरिंग बिघडतं, हे आपल्याला व्याख्या पाठ असूनही सुचत नाही. बिनापॉवरच्या काळात हा कमी कॅस्टर कुणाला खटकलाही नसता, उलट चाक फिरवायला थोडं सोपं झालं असतं. पॉवर आली आणि दोन्हीकडून वजन गेलं.

कॅस्टर मोजायला गेज असला तर उत्तमच. नसला तर गाडी सपाट लादीवर उभी करून ॲक्सलच्या पाट्याच्या बैठकीवर कोनमापी लेव्हल ठेवतात, तीन-चार वेळा वाचन घेऊन सरासरी. आता मोबाईलमधल्या लेव्हलनेही अंदाज येतो, मात्र फोनचं कव्हर काढून! मिळालेला आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचा. इथे जवळजवळ दोन अंश कमी निघाला.

यावर दोन उपाय होते. खरा उपाय म्हणजे मागचे वाढवलेले पाटे काढायचे आणि पुढचे नवे घालायचे. मालक पुढच्या पाट्यांना तयार झाले, मागच्यांना नाही. सीझन तोंडावर होता. मग उरलेला दीडेक अंश पाचर घालून भरून काढायचा. ॲक्सलची बैठक आणि पाटे यांच्यामध्ये पोलादी पाचर बसते. ॲक्सल पाट्यांच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू मागे येते. असं केलं की किंगपिनचं वरचं टोक मागे झुकतं. जाड बाजू पुढे घातली तर कॅस्टर आणखी कमी होईल, म्हणून बसवण्यापूर्वी कागदावर एकदा आकृती काढाच. बैठक १० सेंटिमीटर लांब असेल तर दीड अंशाला दोन टोकांच्या जाडीत २.६ मिलिमीटरचा फरक. दोन्ही बाजूंना पाचर एकाच मापाची, मशिनिंग केलेली. सेंटर बोल्टचं डोकं नीट बैठकीत बसलं पाहिजे, यू-बोल्टला नटच्या बाहेर पुरेसे आटे उरले पाहिजेत, आणि पाचरीखाली वेल्डिंगचा ठिपका वगैरे काही नको. ॲक्सलच्या बीमवर वेल्डिंग करणं म्हणजे तिथे भेगेला आमंत्रण.

फायदा किती? ३ अंशांवर ट्रेल ७.६ सेंटिमीटर होता. कॅस्टर ५ अंश असता तर कॅस्टरचा वाटा २.६ वरून ४.४ झाला असता आणि एकूण ९.४. दोन अंशांत जवळपास चोवीस टक्के जास्त ओढ. पण याचाही हव्यास नको. कॅस्टर फार वाढला तर खड्ड्यावर चाकं थडथडायला लागतात. पुस्तकात आहे तेवढाच. नंतर टो-इन पुन्हा जुळवून घेतला. पुढच्या टायरांत कोणीतरी मागच्याइतकीच हवा भरून ठेवली होती, ती पुढच्या भाराप्रमाणे केली. हवा जास्त असली की टायर कमी वाकतो आणि त्याच्या वाट्याचा ट्रेलही घटतो. किंगपिनला ग्रीस भरलं. आणि ड्रायव्हरला सांगितलं की पेट्या मागच्या फाळक्यापाशी जास्त रचू नका. मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे गेलेलं प्रत्येक किलो पुढच्या चाकांवरचं वजन उचलतं.

एवढं झाल्यावर गाडी तळेबाजारपर्यंत नेऊन आणली. चाक वळणातून स्वतः परत येत होतं, हलकेपणा मात्र थोडा उरला होता. मग पंप बदलला, बॉक्सच्या नंबराप्रमाणे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पंप बदलला असता तर चाक थोडं जड होऊन तक्रार थांबली असती आणि कॅस्टर तसाच राहिला असता. तेल भरताना रिकाम्या लाइनमध्ये हवा राहते, म्हणून पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवायचं, टाकीतली पातळी सारखी भरत राहायचं, मग इंजिन चालू करायचं. टाकीत फेस येत राहिला तर कुठेतरी सक्शनच्या पाइपातून हवा येतेय.

चाकाचा व्यास कमी करण्याबद्दलही लिहितो, कारण हा प्रश्न मला आमच्या लॅबमध्येच एका मित्राने विचारला. २५ ऐवजी २२.५ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक लावलं तर जोर ११ टक्क्यांनी वाढतो, खर्चही कमी. पण इंजिन बंद पडलं की हे छोटं चाक कोण फिरवणार? पॉवरच्या बॉक्सचा रेशो जुन्या साध्या बॉक्सपेक्षा लहान असतो, त्यामुळे मदत गेली की तो जुन्या ट्रकपेक्षाही जड लागतो. फोंडाघाट किंवा करूळ घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद आणि ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसरही बंद. दोन-तीन वेळा ब्रेक दाबून हवा उतरली की पुढच्या वळणाला दोन्ही गोष्टी एकदम जातात. स्टेअरिंग हलकं असो की जड, घाटात इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्येच.

पाचर घातलेल्या गाडीचं एक काम नंतर उरतं. नव्या पाचरी आणि नवे पाटे पहिल्या भरलेल्या फेरीत थोडे दबून बसतात आणि यू-बोल्ट सैल होतात. वाशीहून परत आल्यावर गाडी पहिल्यांदा गॅरेजात आणायची आणि चारही यू-बोल्ट टॉर्क पान्याने, आलटून पालटून, गाडीत माल भरलेला असताना पुन्हा आवळायचे. त्यानंतर हजारेक किलोमीटरवर आणखी एकदा.